घरच्या खोलीत स्वच्छ अभिवाचन: यूएसबी माईक आणि ऑडॅसिटी वापरून ध्वनिमुद्रण कसे करावे

आपणच वाचलेली पाच मिनिटे मुद्रित करून पहिल्यांदा ऐकली, की बहुतेकांना एकच गोष्ट खटकते. शब्द कळतात, पण आवाज लांबून, रिकाम्या जिन्यातून आल्यासारखा येतो. मग दोष माईकच्या माथी मारला जातो आणि त्याहून महागाचा माईक घेण्याचे मनात येऊ लागते. माझा अनुभव याच्या उलट आहे. गेली काही वर्षे मी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मराठी कथांचे अभिवाचन मुद्रित करते आहे. या काळात आवाजात जी खरी सुधारणा झाली, ती पाठीमागे टांगलेल्या दोन गोधड्यांमुळे आणि तोंड व माईक यांच्यातले अंतर निम्मे केल्यामुळे झाली. माईक अजून तोच आहे. खोलीचा घुमारा एकदा मुद्रणात शिरला की नेहमीच्या साधनांनी तो बाहेर काढता येत नाही, म्हणून या लेखात ऑडॅसिटी या मुद्रणाच्या सॉफ्टवेअरच्या आधी खोलीबद्दल आणि बसण्याबद्दल जरा जास्त लिहिले आहे. उदाहरण सर्वत्र एकच धरले आहे: एक वाचणारा माणूस, एक यूएसबी माईक, एक लॅपटॉप आणि वीस-पंचवीस मिनिटांचे मराठी गद्य.

माईक कोणता घ्यावा

यूएसबी माईकमध्ये आवाज पकडणारी पडदी, तिचा क्षीण सिग्नल वाढवणारा प्रवर्धक आणि त्या सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग, हे सगळे एकाच डब्यात बसवलेले असते. त्यामुळे वेगळा ऑडिओ इंटरफेस (माईक आणि संगणक यांच्यामधली पेटी) लागत नाही. केबल जोडली की संगणक त्याला माईक म्हणून ओळखतो आणि बहुतेक माईकना वेगळा ड्रायव्हरही टाकावा लागत नाही. या सोयीची किंमत एवढीच, की यातला एखादा भाग पुढे बदलता येत नाही आणि एका संगणकावर एकाच वेळी दोन यूएसबी माईक चालवणे अवघड जाते.

यूएसबी माईकच्या मुख्य जाती दोन. ब्लू यति, ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० यूएसबी प्लस, रोडचा एनटी-यूएसबी हे कंडेन्सर जातीचे आहेत. त्यांची पडदी फार हलकी असते, म्हणून आवाजातले बारकावे ते छान टिपतात, पण त्याच कारणाने शेजारच्या इमारतीतला ड्रिल आणि स्वयंपाकघरातला फ्रिजही टिपतात. सॅमसन क्यू२यू हा डायनॅमिक जातीचा आहे. त्याला आवाज अगदी जवळून द्यावा लागतो, आणि आवाज जवळून दिला की आजूबाजूचे आवाज त्या मानाने लहान होतात. ज्यांची खिडकी रस्त्यावर उघडते त्यांनी डायनॅमिक घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना पहाटेची किंवा रात्री उशिराची शांत खोली मिळते, त्यांनी कंडेन्सरचा विचार करावा.

खोक्यावरच्या आकड्यांनी फार प्रभावित होऊ नये. १६ बिट आणि ४४,१०० किंवा ४८,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढे नमुने, एवढी क्षमता बोललेल्या शब्दासाठी पुरेशी आहे. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. ते टिपायला नमुने घेण्याचा वेग त्याच्या दुपटीहून थोडा जास्त लागतो, आणि ४४,१०० हा आकडा तेवढे सहज भागवतो. १६ बिटांत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आवाजामधले अंतर सुमारे ९६ डेसिबेल मिळते, तर आपल्या घरातल्या खोलीत त्याच्या निम्मे मिळाले तरी ती शांत म्हणावी लागेल. त्यापेक्षा दोन गोष्टी जरूर पाहाव्यात: माईकवर हेडफोन लावण्याचे छिद्र आहे का, आणि पातळी कमी-जास्त करण्याचे बटण माईकवरच आहे का.

खोली तयार करणे

मुद्रणाची खोली ठरवण्यापूर्वी प्रत्येक खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी. रिकाम्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि वर स्लॅब असलेल्या खोलीत टाळीमागून एक बारीक झणझणाट ऐकू येतो; दोन समोरासमोरच्या भिंती तो आवाज चेंडूसारखा टोलवत असतात. ज्या खोलीत टाळी वाजली आणि तिथेच विझली, ती आपली खोली. बहुतेक घरांत ती झोपण्याची खोली निघते, कारण तिथे गाद्या, पडदे आणि कपड्यांनी भरलेले कपाट असते. न्हाणीघर लहान आणि बंद असते म्हणून चांगले असेल असे वाटते, पण टाइल्समुळे तिथे घुमारा सर्वांत जास्त असतो.

आता गोधड्यांविषयी. कार्डिऑइड माईक, म्हणजे ज्याची ऐकण्याची कक्षा हृदयाच्या आकाराची असते तो, समोरचे जास्त आणि पाठीमागचे कमी ऐकतो. माईकच्या समोर आपण असतो आणि आपल्या पाठीमागे भिंत असते. आपला आवाज माईकच्या दिशेने जातो, पुढच्या भिंतीवर आपटतो, परत येऊन आपल्या पाठीमागच्या भिंतीवर आपटतो आणि तिथून थेट माईकच्या तोंडात शिरतो. त्यामुळे पहिली गोधडी माईकमागे टांगण्याची सर्वसाधारण पद्धत फारशी कामाची नाही. पहिली गोधडी वाचणाऱ्याच्या पाठीमागे हवी. मी कपडे वाळत घालण्याचा घडीचा स्टँड उभा करते, त्यावर दोन जाड गोधड्या दुहेरी घडीने टाकते आणि तो खुर्चीमागे हातभर अंतरावर ठेवते. कपाटाचे दार उघडून त्याकडे पाठ करून बसले तरी चालते. टांगलेल्या साड्या आणि शर्ट फुकटात तेच काम करतात.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची जी कल्पना पसरली आहे, तिच्या नादी लागू नये. पातळ पुठ्ठा आणि बोटभर जाडीचा फोम फक्त वरच्या पट्टीतले आवाज शोषतात. १,००० हर्ट्झच्या ध्वनीची लांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते आणि तो नीट शोषायला त्याच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे आठ-साडेआठ सेंटिमीटर जाडी किंवा भिंतीपासून तेवढे अंतर लागते. कापसाची गादी भिंतीपासून वीतभर पुढे उभी केली, तर ती कोणत्याही पातळ फोमपेक्षा चांगले काम करते.

आता बाहेरून येणारे आवाज. ते शोषून घेणे गोधडीच्या आवाक्यातले नाही, ते टाळावेच लागतात. पंखा आणि एसी बंद करावा, फ्रिज त्या भिंतीला लागून असेल तर खोली बदलावी. घरातल्यांना अर्ध्या तासाची कल्पना देऊन कुकर त्या वेळेच्या आधी किंवा नंतर लावण्याची विनंती करावी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आठवडाभर आपल्या इमारतीचे वेळापत्रक ऐकून लिहून ठेवावे: पाण्याचा पंप केव्हा सुरू होतो, शाळेची बस केव्हा येते, भंगारवाल्याची हाक केव्हा ऐकू येते. माझ्याकडे दुपारी दोन ते साडेतीन हा वेळ सर्वांत शांत निघाला, जे मला आधी कधीच खरे वाटले नसते. उन्हाळ्यात पंख्याशिवाय बंद खोलीत वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नये; घामाने आणि कोंडल्यामुळे आवाज आधी थकतो आणि ते मुद्रणात स्पष्ट कळते.

वीतभर अंतर

अंगठा आणि करंगळी ताणली की जी वीत होते, तेवढे अंतर तोंड आणि कंडेन्सर माईक यांच्यात ठेवावे. डायनॅमिक माईकला त्याच्या निम्मे. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबेलने उतरतो, पण खोलीचा घुमारा जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे हातभर लांब बसून पातळी वाढवली, तर आवाजाबरोबर खोलीही तेवढीच वाढते. याच्या उलट फार जवळ गेले, तर कार्डिऑइड माईकमध्ये खर्जाचा भाग फुगतो आणि वाचन आकाशवाणीच्या जुन्या निवेदकासारखे भारदस्त होण्याऐवजी गुदमरल्यासारखे वाटते.

मग प्रश्न येतो श्वासाच्या झोताचा. मराठीत महाप्राण व्यंजने भरपूर आहेत. ‘फणस’, ‘भाकरी’, ‘खिडकी’, ‘धुके’ असे शब्द उच्चारताना तळहात तोंडासमोर धरून पाहावा. प्रत्येक शब्दाला हवेचा फटका जाणवतो. तोच फटका माईकच्या पडदीवर बसला, की मुद्रणात ‘धप्’ असा आवाज येतो आणि तो नंतर काढणे कष्टाचे असते. त्यासाठी माईक आणि तोंड यांच्यामध्ये चार बोटांवर पॉप फिल्टर लावावा. तो नसेल तर भरतकामाच्या गोल फ्रेमवर जुन्या नायलॉन मोज्याचे दोन थर ताणून बसवले तरी काम होते. याखेरीज माईक तोंडाच्या थेट रेषेत न ठेवता थोडा बाजूला, हनुवटीच्या पातळीवर ठेवावा आणि त्याचे तोंड आपल्या ओठांच्या कोपऱ्याकडे वळवावे; झोत सरळ पुढे निघून जातो आणि आवाज मात्र माईकला मिळतो. ‘चमचा’, ‘जहाज’ यांतले दंततालव्य च-ज आणि ‘स’, ‘श’ यांची शीळ ज्यांच्या आवाजात तीव्र आहे, त्यांनाही हे तिरके बसणे मानवते.

माईकची कोणती बाजू ऐकते, हे हमखास चुकते. ब्लू यति आणि एटी२०२० यूएसबी प्लस यांच्याशी बाजूने बोलायचे असते, म्हणजे माईक उभा ठेवून त्याच्या पुढच्या अंगाकडे तोंड करायचे; सॅमसन क्यू२यूच्या मात्र टोकाशी बोलायचे असते. यतिवर ऐकण्याच्या चार कक्षा निवडण्याचे बटण आहे. एकट्याच्या वाचनासाठी ते हृदयाच्या चिन्हावर असल्याची खात्री करावी.

माईकचा स्टँड आणि लॅपटॉप एकाच टेबलावर असतील, तर कळफलकाचा प्रत्येक ठोका आणि टेबलाला लागलेला गुडघा मुद्रणात येतो. स्टँडखाली जाड टॉवेलची चौपदरी घडी ठेवावी आणि लॅपटॉप शक्यतो दुसऱ्या स्टुलावर, माईकच्या पाठीमागच्या बाजूला ठेवावा, म्हणजे त्याचा पंखा माईकच्या कमी ऐकण्याच्या बाजूला येतो.

जोडणी आणि ऑडॅसिटीची मांडणी

सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी निवडण्याचे कारण साधे आहे. ते मोफत आणि मुक्त स्रोताचे आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, आणि अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू होऊन २००० साली लोकांसाठी खुले झाल्यापासून त्यावर इतके काम झाले आहे, की वाचनाच्या मुद्रणाला लागणारे सगळे त्यात आहे. खाली दिलेल्या सूचना त्याच्या तिसऱ्या मालिकेतल्या आवृत्त्यांना धरून आहेत.

माईक लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टमध्ये थेट लावावा. हब वापरल्यास मधूनमधून आवाज तुटण्याची शक्यता वाढते. आधी माईक जोडावा आणि मग ऑडॅसिटी उघडावे. उलट क्रम झाला, तर ऑडिओ सेटअपमधला ‘रीस्कॅन ऑडिओ डिव्हायसेस’ हा पर्याय दाबेपर्यंत माईक यादीत दिसत नाही. विंडोजमध्ये गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉप ॲप्सना माईक वापरण्याची परवानगी चालू असावी लागते; ती बंद असेल तर मुद्रण सुरूच होत नाही किंवा रेघ सपाट राहते. मॅकवर पहिल्या वेळी परवानगी विचारली जाते, ती द्यावी. विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये त्या माईकसाठी ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करावीत. ही सोय दूरध्वनी-बैठकांसाठी ठीक असली, तरी वाचनात ती शब्दांमधल्या शांततेत आवाज खालीवर करत राहते आणि शब्दांचे शेवट खाते.

आता ऑडॅसिटीतल्या ऑडिओ सेटअप बटणाखाली होस्ट म्हणून विंडोजवर ‘विंडोज वासापी’ निवडावे, रेकॉर्डिंग डिव्हाइस म्हणून आपला यूएसबी माईक निवडावा आणि चॅनेल एकच, म्हणजे मोनो ठेवावा. एका माणसाच्या वाचनाला स्टिरिओची गरज नसते; फाइल उगाच दुप्पट होते. प्रोजेक्टचा दर ४४,१०० हर्ट्झ आणि नमुन्याचा प्रकार मुळातला ३२ बिट फ्लोट राहू द्यावा. या मांडणीत पंचवीस मिनिटांचे मुद्रण डिस्कवर साधारण २६५ एमबी जागा घेते, म्हणून आधी जागा पाहून घ्यावी. प्रोजेक्ट लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर सुरुवातीलाच नाव देऊन साठवावा. पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये चालू प्रोजेक्ट ठेवू नये.

एवढे झाले तरी एक चाचणी राहते, आणि ती मी कधीही चुकवत नाही. मुद्रण सुरू करून नखाने माईकची जाळी हलकेच खरवडावी. पडद्यावर मोठी लाट उठली तर आपला माईक चालू आहे. लाट उठली नाही, किंवा लॅपटॉपच्या कडेला खरवडल्यावर जास्त उठली, तर मुद्रण लॅपटॉपच्या आतल्या माईकवरून होते आहे. मी एकदा चाळीस मिनिटांचे एक प्रकरण मनापासून वाचले आणि नंतर ऐकताना कळले, की माईकची केबल रात्रीत सैल झाल्याने ऑडॅसिटीने आतला माईक धरला होता. ते वाचन पुन्हा करावे लागले आणि दुसऱ्या वेळी काही वाक्ये पहिल्यासारखी जमली नाहीत, याचे मला अजून वाईट वाटते.

हेडफोन शक्य असेल तर माईकच्या छिद्रातच लावावेत. तिथे आपला आवाज विलंब न होता ऐकू येतो. त्याच वेळी ऑडॅसिटीतला ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’ बंद असावा, नाहीतर स्वतःचा आवाज क्षणभर मागून दुसऱ्यांदा ऐकू येतो आणि जीभ अडखळते. कान झाकणारे बंद हेडफोन वापरावेत. उघड्या हेडफोनमधून झिरपणारा आवाज माईक पुन्हा टिपतो.

हेडफोनमध्ये एकसुरी गुणगुण ऐकू आली, तर बहुधा ती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण किंवा तिच्या पटीतले स्वर असतात. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. अर्थिंग नीट नसलेल्या प्लगमुळे येणारी गुणगुण तेवढ्याने थांबते. घर इन्व्हर्टरवर चालू असेल तर वीज येईपर्यंत थांबणेच बरे.

पातळी लावणे

वाचनातला सर्वांत मोठ्या आवाजाचा परिच्छेद निवडावा, म्हणजे संवादात कोणी ओरडते किंवा हसते तो, आणि तो खऱ्या जोराने वाचावा. लोक इथे हळू वाचून पातळी लावतात आणि मग प्रत्यक्ष वाचनात रंगले की आवाज फाटतो. ऑडॅसिटीच्या मीटरवर सर्वांत उंच टोके उणे १२ ते उणे ६ डेसिबेल यांच्यामध्ये राहतील असे माईकवरचे बटण लावावे. शून्याला लागलेली लाट वरून कापली जाते आणि तो भाग गेला तो गेला. कमी पातळीवर झालेले मुद्रण मात्र नंतर वाढवता येते. म्हणून शंका असेल तेव्हा पातळी खाली ठेवावी.

मग काही न बोलता, श्वासही सावकाश घेत, दहा सेकंद मुद्रण करावे. ही खोलीची शांतता आहे आणि ती पुढे दोन ठिकाणी लागते. तो भाग निवडून ‘ॲनलाइज’ मेनूतल्या ‘कॉन्ट्रास्ट’ साधनाने मोजला, की खोलीचा मूळ आवाज डेसिबेलमध्ये कळतो. उणे ६० किंवा त्याहून खाली आकडा आला तर उत्तम. उणे ४५च्या आसपास आला, तर कुठेतरी पंखा, पंप किंवा खिडकीची फट शिल्लक आहे; वाचायला बसण्यापूर्वी ती शोधावी.

वाचन

मजकूर छापील पुस्तकातून वाचताना पान उलटण्याचा आवाज येतो, म्हणून एकतर टॅबलेटवरून वाचावे, नाहीतर सुट्या कागदांवर घेऊन एका वाक्याच्या शेवटी कागद संपेल अशी मांडणी करावी. जोडाक्षरे, लांबलचक वाक्यांतले श्वासाचे थांबे आणि अनोळखी नावे पेन्सिलने खुणावून घ्यावीत. तोंड कोरडे पडले की जिभेचे बारीक चट-चट आवाज माईक टिपतो. कोमट पाण्याचे घोट मधूनमधून घ्यावेत आणि वाचनाच्या आधी दूध, ताक किंवा गोड खाऊ नये. सफरचंदाच्या एका फोडीने ते आवाज काही वेळ कमी होतात, हा माझ्या घरचा अनुभव आहे.

दुसऱ्याचे साहित्य वाचून प्रसिद्ध करायचे असेल, तर हक्कांचा विचार वाचनाआधीच करावा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या निधनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. उदाहरणार्थ, साने गुरुजींचे निधन जून १९५० मध्ये झाले, म्हणून ती मुदत २०१०च्या अखेरीस संपली. ज्या लेखकांची मुदत अजून संपलेली नाही, त्यांच्यासाठी वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्यावी लागते.

मुद्रण ‘आर’ या कळीने सुरू होते आणि थांबवून पुन्हा ‘आर’ दाबले की त्याच पट्टीत पुढे चालू राहते. वाचताना चूक झाली की थांबून टाळी वाजवावी, दोन सेकंद शांत राहावे आणि वाक्याच्या सुरुवातीपासून पुन्हा वाचावे. अडखळलेल्या शब्दापासून पुढे वाचू नये. सूर जुळत नाही आणि सांधा ऐकू येतो. टाळीची उंच टोकदार लाट पडद्यावर लगेच दिसते, त्यामुळे नंतर चुका शोधत बसावे लागत नाही.

ज्यांना नंतरचे कापाकापीचे काम नको असेल, त्यांनी ‘पंच अँड रोल’ शिकून घ्यावे, आणि माझा आग्रह आहे की दहा मिनिटांपेक्षा जास्त वाचणाऱ्या प्रत्येकाने ते शिकावेच. चूक झाली की मुद्रण थांबवायचे, लाटेवर चुकलेल्या वाक्याच्या आधीच्या शांत जागेत क्लिक करायचे आणि शिफ्ट व डी या कळा एकत्र दाबायच्या. ऑडॅसिटी त्या जागेआधीची पाच सेकंदे हेडफोनमध्ये ऐकवते आणि नेमक्या जागी आपोआप मुद्रण सुरू करते. स्वतःचेच मागचे वाक्य कानावर पडत असल्यामुळे आवाजाची पट्टी, वेग आणि भाव जुळून येतात, आणि वाचन संपते तेव्हा हातात जवळजवळ तयार पट्टी असते.

कापणे आणि सांधणे

संपादनाच्या आधी मूळ प्रोजेक्टची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. मग टाळ्या शोधून चुकलेले वाक्य आणि टाळी निवडून काढून टाकावी. कापण्याची जागा नेहमी शांततेत असावी. शब्दाच्या अंगाला चिकटून कापू नये. मराठीत ‘म्हणून’, ‘न्हाणे’, ‘व्हायला’ अशा शब्दांची सुरुवात फार मऊ असते. लाटेवर पाहिले तर ‘म्ह’चा भाग जवळजवळ सपाट दिसतो आणि शब्द जणू ‘अ’पासून सुरू होतो असे वाटते, डोळ्यांवर विसंबून कापले की ऐकताना ‘अणून’ एवढेच उरते. म्हणून कापण्यापूर्वी तो भाग मोठा करून पाहावा आणि कानाने ऐकून जागा ठरवावी. निवडीच्या कडांवर बारीक ‘टक्’ ऐकू आली, तर झेड ही कळ दाबून कडा लाटेच्या शून्य बिंदूवर आणाव्यात.

श्वास सगळे काढू नयेत. श्वासाशिवायचे वाचन ऐकताना ऐकणाऱ्याचाच जीव कोंडतो. फार मोठे, धापेसारखे श्वास तेवढे निवडून आठ-दहा डेसिबेलने खाली आणावेत. बाहेरचा हॉर्न दोन वाक्यांच्या मध्ये आला असेल, तर तो पुसून तिथे कोरी शांतता ठेवू नये. आधी मुद्रित केलेल्या खोलीच्या शांततेतला तेवढाच तुकडा तिथे चिकटवावा. कोरी शांतता कानाला खड्ड्यासारखी जाणवते.

आवाजावरची प्रक्रिया

इथे हात आखडता घ्यावा. क्रम असा: सर्वप्रथम ‘फिल्टर कर्व्ह ईक्यू’मधला ‘लो रोल-ऑफ फॉर स्पीच’ हा तयार पर्याय लावावा, त्याने टेबलाची धडधड आणि दूरच्या ट्रकची घरघर जाते, आवाजाला धक्का लागत नाही. त्यानंतर खोलीचा मूळ आवाज उणे ६०च्या वर असेल तरच ‘नॉइज रिडक्शन’ वापरावे. ते दोन टप्प्यांत चालते: आधी खोलीची शांतता निवडून ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबायचे, मग सगळी पट्टी निवडून तेच साधन पुन्हा उघडून लागू करायचे. घट ६ ते १० डेसिबेलच्या पुढे नेऊ नये. पुढे नेली की ‘स’, ‘ह’ यांच्या कडांना पाण्याखालून बोलल्यासारखा बुडबुडणारा स्वर येतो आणि मूळच्या पंख्यापेक्षा तो जास्त त्रास देतो.

शेवटी आवाजाची एकूण पातळी. श्राव्य पुस्तकासाठी ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’मध्ये आरएमएस, म्हणजे आवाजाच्या सरासरी पातळीचे माप, निवडून उणे २० ठेवावे आणि त्यानंतर लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीवरची टोके दाबणारे साधन, उणे ३.५ डेसिबेलवर लावावा. नव्या आवृत्त्यांतल्या लिमिटरमध्ये ‘थ्रेशोल्ड’ आणि ‘मेक-अप टार्गेट’ अशा दोन पट्ट्या आहेत, त्या दोन्ही त्याच आकड्यावर आणाव्यात. ऑडिबलसाठी पुस्तके स्वीकारणाऱ्या एसीएक्सच्या अटीही याच बेतात बसतात: आरएमएस उणे २३ ते उणे १८च्या मध्ये, सर्वोच्च टोक उणे ३च्या खाली आणि शांतता उणे ६०च्या खाली. पॉडकास्टसाठी मात्र मोजमाप एलयूएफएसमध्ये, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या मापात, होते आणि ॲपलची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या आसपास आहे. लाउडनेस नंतर कंप्रेसर, म्हणजे लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारे साधन, चालवू नये. मोजून लावलेली पातळी पुन्हा हलते.

समोर आजी बसली असेल आणि तिच्याशी बोललेले मुद्रित करायचे असेल, तर दोन यूएसबी माईक जोडण्याच्या भरीस पडू नये. प्रत्येक यूएसबी माईक स्वतःच्या घड्याळावर चालतो, ऑडॅसिटी एका वेळी एकच यंत्र ऐकते, आणि वेगवेगळी मुद्रणे अर्ध्या तासात हळूहळू एकमेकांपासून सरकतात. यतिसारखा माईक इंग्रजी आठाच्या (8) आकाराच्या, म्हणजे पुढचे आणि मागचे दोन्ही ऐकणाऱ्या कक्षेवर ठेवून दोघांनी समोरासमोर बसावे. आजीचा आवाज बारीक असेल तर माईक तिच्याकडे चार बोटे सरकवावा.

फाइल आणि दुरुस्त्या

आधी १६ बिट डब्ल्यूएव्ही फाइल काढून ठेवावी. ती मूळ प्रत. पाठवण्यासाठी त्यातून १९२ केबीपीएस, स्थिर दराची, मोनो एमपी३ काढावी. पंचवीस मिनिटांची फाइल साधारण ३६ एमबी होते. एमपी३ पुन्हा उघडून तीच दुरुस्त करून पुन्हा साठवू नये, दर वेळी तिचा कस थोडा उतरतो. डब्ल्यूएव्ही आणि प्रोजेक्ट या दोन्हींची प्रत लॅपटॉपबाहेर दुसऱ्या डिस्कवर ठेवावी.

तयार फाइल दुसऱ्या दिवशी, मोबाइलच्या साध्या इअरफोनवर, मजकूर समोर धरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावी आणि गाळलेला शब्द किंवा चुकलेला उच्चार यांची मिनिट-सेकंदांसह नोंद करावी. या दुरुस्त्या नंतर वाचून बसवताना खरी कसोटी लागते, कारण चार दिवसांनी वाचलेले वाक्य वेगळ्या खोलीतून आल्यासारखे वाटते. यासाठी पहिल्याच दिवशी खुर्चीच्या पायांभोवती आणि स्टँडच्या तळाभोवती फरशीवर टेपच्या खुणा करून ठेवाव्यात, माईकवरच्या बटणाचा मोबाइलवर फोटो काढावा, गोधड्यांचा स्टँड कुठे होता तेही त्या फोटोत यावे. दुरुस्तीला बसताना सगळे त्या खुणांवर मांडावे, आधीचा अख्खा परिच्छेद हेडफोनमध्ये ऐकावा, त्याच्याबरोबर दोनदा मोठ्याने वाचावे आणि मगच चुकलेले वाक्य मुद्रित करावे. दुरुस्तीही दिवसाच्या त्याच वेळी केली तर जास्त बरे, कारण सकाळी उठल्याउठल्याचा आवाज आणि दुपारचा आवाज एका पट्टीत नसतो.